लेकीचं संशोधन माझ्या पाठीवर

आता ही फजिती कुठून सांगायला सुरुवात करू? पाठीपासूनच करते, कारण झाली ती पाठीवरच!

येरमाळ्याला हायवेलगत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. आरी वर्कची नक्षी भरून घ्यायला पार कळंबहून बायका येतात, उगाच नाही सांगत! आणि माझी लेक सुजाता पुण्यात कॅन्सरवर संशोधन करते. बोला आता!

गावच्या शाळेनं तिचा सत्कार ठरवला. त्याआधी तिनं मोबाइलवर एक फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'आई, हे माझं काम.' काय तो फोटो! निळी-हिरवी फुलंच फुलं! म्हटलं, पोरगी शेवटी आईवरच गेली. सत्काराला हेच डिझाइन पाठीवर घालायचं.

फक्त डावी बाजू मला विरळ वाटली. सारखी फुलं, एका ओळीत, मोकळी मोकळी. उजवी कशी गच्च भरलेली! मी डावी सरळ काढून टाकली अन् उजवी पाठभर उतरवली.

शेजारची राधाक्का बघून म्हणाली, "लई भारी गं! मला बी असंच शीव." बघता बघता निम्म्या गल्लीची मापं माझ्याकडं!

सत्काराला मी पहिल्या रांगेत. पाठ दिसावी म्हणून पदर मुद्दाम पुढं घेतलेला. सुजातानं पडद्यावर तोच फोटो लावला.

"ही मोठ्या आतड्याची आतली बाजू, रंग देऊन सूक्ष्मदर्शकातून बघितलेली."

आतडं? मी तर फुलं समजून पाठीवर भरलेली!

"पेशींना सारखा निरोप येतो, वाढा, वाढा! डावीकडं एक प्रथिन तो निरोप वेळेवर थांबवतंय, म्हणून पेशी ओळीत आहेत. उजवीकडं ते प्रथिनच नाही. थांबवणारं कुणी नाही, म्हणून ही गर्दी. हीच कॅन्सरची गाठ."

मागून राधाक्का ओरडली, "अगं बया! ही तर तुझ्या पाठीवर हाय की!"

मी पदर ओढायला गेले, तर लेकीनं स्टेजवरून हाक मारली, "आई, वर ये. पाठ कर इकडं."

अन् माझ्या पाठीवर बोट ठेवून तिनं सगळ्या गावाला समजावलं. काय बोलते पोरगी! टाळ्या पडल्या तशी माझी छाती अशी फुगली, की हूक तुटायची वेळ आली.

खाली उतरले, तर राधाक्का कानाशी लागली.

"माझ्या ब्लाउजाला तेवढी प्रथिनाची बाजू घाल बाई. गाठ तुझी तूच मिरव!"