फुटांतलं घर, मीटरातला नकाशा

लग्न होऊन मी डोणगावच्या मळ्यात आले तेव्हा माझ्या ट्रंकेत चित्रकलेच्या दोन सरकारी परीक्षांची सर्टिफिकिटं होती. माहेरी लोणारला वडिलांनी मला मॅट्रिकपर्यंत शिकवलं होतं आणि हौसेनं त्या परीक्षांना बसवलं होतं. सासरी भाजीपाल्याचं घर. वांगी, मिरच्या, कांदे. तिथं त्या सर्टिफिकिटांचा उपयोग एवढाच, की नवरात्रात भिंतीवर काही काढायचं असलं की मला हाक यायची.

महाराष्ट्र होऊन फार दिवस झाले नव्हते. बाजारात शेर जाऊन किलो आले होते, तरी लोक शेरातच बोलायचे. आमचे हे जिल्ह्यातल्याच एका लहान शहरात प्राथमिक शाळेवर मास्तर होते आणि रोज एसटीनं जाऊन येऊन करायचे. सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, त्या शहरात सडकेला लागून एक जागा घेतली. तिथं घर बांधायचं, आम्ही दोघांनी राहायचं, आणि मळ्यातला माल आदल्या दिवशी तिथं उतरवून सकाळी बाजारात न्यायचा, असा त्यांचा बेत होता. पण नगरपालिकेत घराचा नकाशा दिल्याशिवाय पाया खणता येत नव्हता. अकोल्याला नकाशे काढणारे होते. मामाजी म्हणाले, "घरात चित्रं काढनारी सून हाये, तं बाहेरचा मानूस काऊन पायजे?"

मी घागर, पेरू, कण्हेरीची फांदी अशी चित्रं काढून पास झाले होते. घराचा नकाशा मी आयुष्यात पाहिला नव्हता. हे मी मामाजींना सांगू शकले नाही, कारण मी त्यांच्यासमोर बोलतच नव्हते. आमच्याकडे सून सासऱ्यापुढं पदर ओढून उभी राहायची, आणि काही सांगायचं असलं तर नवऱ्याला किंवा सासूला सांगायची. मी यांना सांगितलं की मला हे येत नाही. यांनी मामाजींना काय सांगितलं कोण जाणे. चार दिवसांनी हे एका हायस्कुलातून लाकडी बोर्ड, त्याच्या कडेला डोकं टेकवून आडव्या रेघा ओढायची मोठी टी पट्टी, कंपासपेटी आणि एक इंग्रजी पुस्तक मागून घेऊन आले.

पुस्तकात विलायती घरं होती. माझं इंग्रजी कच्चं आणि यांचंही फारसं पुढं नव्हतं. हे एकेक वाक्य वाचायचे, थांबायचे, आणि "म्हणजे भिंत जाड दाखवायची असं असंन," म्हणायचे. मी भिंत जाड दाखवायचे. मग पुढच्या पानावर कळायचं की ती भिंत नव्हतीच, ती खिडकीची खूण होती. आमच्या ओसरीला, न्हाणीला, कांद्याच्या खोलीला त्या पुस्तकात खूणच नव्हती. त्या घरांत कांदे कुठं ठेवत असतील, असं आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, एकदा विचारलं, आणि त्यांना उत्तर द्यायच्याऐवजी मी पुस्तक मिटून बाहेर गेले.

कंपासपेटीतल्या शाईच्या पेनानं वेगळा छळ मांडला. त्याच्या दोन पात्यांमध्ये शाई भरायची आणि बाजूचा स्क्रू फिरवून रेघेची जाडी ठरवायची. स्क्रू आवळला की शाई उतरायची नाही. सैल केला की सगळी शाई एकदम कागदावर बसायची. मळ्यातली धूळ शाईत पडली की रेघेला केस फुटल्यासारखे फाटे यायचे. मी जुन्या धोतराचा तुकडा भिजवून पाती पुसायचे, पुन्हा भरायचे, आधी रद्दीवर ओढून पाहायचे. रद्दीवर सुरेख यायची. नकाशावर नेली की डाग.

तरी पहिला नकाशा पुरा होत आला. आणि शेवटच्या भिंतीपाशी घर जुळेना. डावीकडून ओढलेली रेघ उजवीकडच्या रेघेला भेटतच नव्हती, बोटभर खाली राहायची. मी सगळे आकडे पुन्हा मांडले. आकडे बरोबर. कागद बदलला, पुन्हा काढलं, पुन्हा बोटभर फरक. हे म्हणाले, माझी बेरीज चुकत असणार. मी त्यांच्या हातात पेन्सिल दिली. त्यांची बेरीज माझ्याइतकीच आली. दोन दिवस आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही. मग मी नकाशा बाजूला ठेवून कोऱ्या कागदावर नुसत्या आडव्या रेघा ओढल्या, एकीखाली एक. खाली जाता जाता रेघा तिरप्या होत होत्या. टी पट्टीचं डोकंच ढिलं झालं होतं. बोर्डाच्या कडेला धरली की ती हलायची, आणि हलताना दिसायची नाही. यांनी तिचे स्क्रू पिळून बसवले. मला हायसं वाटायला हवं होतं, पण मला रडू आलं. चूक माझी नव्हती हे कळायला तीन कागद गेले होते.

नकाशा घरात दाखवला. आत्याबाईंनी तो उलटा सुलटा करून पाहिला आणि विचारलं, "अवं पोरी, घराचं छप्पर कुठी गेलं?" मी सांगितलं की छप्पर काढून वरून पाहिलं की घर असं दिसतं. त्या म्हणाल्या, वरून पाहायला आपण काय कावळे आहोत? मामाजी लांबून पाहत होते. दार उघडताना किती जागा लागते ते दाखवायला मी दारापाशी पाव वर्तुळं काढली होती. ते काय आहे असं त्यांनी यांना विचारलं. हे जरा गडबडले आणि म्हणाले, कमानी आहेत. मी पदराआडून यांना हळूच म्हटलं, दारं आहेत. पण मामाजींना कमानी आवडल्या होत्या, आणि त्यानंतर कितीतरी दिवस ते येणाऱ्याजाणाऱ्याला आपल्या घराला कमानी होणार असं सांगत होते.

नगरपालिकेतल्या ओव्हरसियरनं नकाशा एका मिनिटात परत दिला. हे घरी येऊन सांगू लागले, आणि सांगताना माझ्याकडे पाहत नव्हते. नकाशा फुटांत होता. आता सगळं मीटरमध्ये लागतं. मी भाजी चिरत होते. विळी आडवी करून ठेवली आणि विचारलं की आधी का नाही विचारून आलात. हे म्हणाले, तूच पुस्तकातून काढत होतीस. तेही खरंच होतं.

मग फुटांचे मीटर करणं सुरू झालं. दहा फूट म्हणजे तीन मीटर आणि वर थोडं. हे थोडं कुठं सोडायचं आणि कुठं धरायचं हे मला कळेना. मी प्रत्येक खोलीतलं थोडं सोडून दिलं, तर सगळ्या खोल्या मिळून घर जागेपेक्षा लहान झालं, मागं एक पट्टी उरली जिचं काही नाव नव्हतं. सगळीकडे धरलं, तर मागची भिंत शेजाऱ्याच्या जागेत गेली. भिंतींची जाडी तर मी दोनदा विसरले. नुसतं बदलत बसलं तर हे कधीच जमणार नाही असं शेवटी माझ्या डोक्यात आलं. जागा मीटरमध्ये मोजून आणायला यांना पाठवलं आणि घर पहिल्यापासून मीटरमध्येच मांडलं. फूट हा शब्द मनात येऊ द्यायचा नाही असं ठरवलं. हे कठीण होतं, कारण घरात सगळे फुटांतच विचारायचे. कांद्याची खोली किती? मी सांगायचे साडेतीन मीटर. मामाजी आत्याबाईंना विचारायचे, म्हणजे किती हात? आत्याबाई मला विचारायच्या. मी पुन्हा फुटांत जायचे आणि माझं डोकं पुन्हा फिरायचं.

हा नकाशा मंजूर झाला. आम्ही बैलगाडीनं जागेवर गेलो आणि मी यांच्याकडून फक्कीनं घराची आखणी करून घेतली. उघड्या जमिनीवर ते पांढरे चौकोन इतके लहान दिसत होते की मी स्वतःच घाबरले. मामाजी ओसरीतून आत गेले, दोन ढांगांत बैठक ओलांडली, स्वयंपाकघराच्या मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "याच्यात तं म्हैसही वळनार नाई."

मी यांना हळूच सांगितलं की भिंती नसल्या की खोली लहानच दिसते. यांनी ते मोठ्यानं सांगितलं. मामाजी म्हणाले, "मंग भिंती बांधल्यावर खोली वाढते काय बे?" हे खाली वाकून फक्कीची रेघ नीट करू लागले. मला तर त्यांच्यापुढं बोलताच येत नव्हतं. मी गाडीमागं जाऊन उभी राहिले आणि मनात जे जे आलं ते तिथंच गिळलं. नकाशा आता मंजूर होता. प्रत्येक खोली हातभर वाढवायची म्हटलं तर जागा कुठून आणायची?

दुसऱ्या खेपेला मी आत्याबाईंना सांगून गाडीत दोन खाटा, पाण्याचा माठ आणि परात घातली. सडकेवरचे लोक पाहत होते. बैठकीच्या चौकोनात खाटा टाकल्या, स्वयंपाकघरात आत्याबाईंना परातीपुढं बसवलं. दोन्ही खाटा मावून चालायला वाट उरली. आत्याबाईंनी हात लांब करून पाहिला, माठ कुठं येतो ते पाहिलं, आणि मामाजींना म्हणाल्या की त्यांना इथं पुरतं. कांद्याच्या खोलीत मात्र मामाजी बराच वेळ उभे होते. तिथं ठेवून दाखवायला माझ्याकडे कांदे नव्हते, सगळा माल विकून झाला होता.

पाया झाला, भिंती वर आल्या. मधेच भावाच्या लग्नाला मी लोणारला गेले. परत आले तेव्हा स्वयंपाकघर आणि कांद्याच्या खोलीमधली भिंत स्वयंपाकघरात सरकलेली होती. मोजायची गरजच नव्हती, आत पाऊल टाकताच कळलं. यांना विचारलं तर म्हणाले, बापू, म्हणजे मामाजी, आले होते, मिस्त्रीला सांगून गेले, मी शाळेत होतो. मी म्हटलं, पाडायला सांगा. हे म्हणाले, कोण सांगणार? मी त्या रात्री जेवले नाही, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

घर झाल्यावर ओव्हरसियर पाहणीला आला. शांत, वयस्क माणूस होता. त्यानं माझा नकाशा भिंतीला लावून धरला, टेप काढली, स्वयंपाकघर मोजलं, पुन्हा मोजलं. म्हणाला, कागदावर आहे तशी ही भिंत नाही. हे माझ्याकडे पाहू लागले. मामाजी ओसरीत बसले होते, तिथूनच म्हणाले, "नकाशा चुकला असंन. सुनेनं काढला हाये, नवी हाये ते."

मी दाराआड होते. त्या सगळ्या महिन्यांत मी जे गिळलं होतं, ते इतकं होतं की पदर कधी डोक्यावरून खाली आला मला कळलं नाही. मी बाहेर आले, टेपचं दुसरं टोक हातात घेतलं आणि म्हटलं, "मामाजी, नकाशा बरोबर हाये. भिंत चुकली."

त्यांच्याशी बोललेले ते माझे पहिले शब्द. ओव्हरसियरनं माझ्या हातातलं टोक कोपऱ्याला लावायला सांगितलं, आणि आम्ही दोघांनी सगळं घर मोजलं. बाकी सगळ्या भिंती नकाशाप्रमाणे निघाल्या. तो म्हणाला, आहे त्याप्रमाणे सुधारलेला नकाशा द्या, मी मंजूर करून देतो.

म्हणजे चूक त्यांची आणि कागद पुन्हा माझाच. नव्या घरात राहायला आलो होतोच, तिथंच मी बोर्ड काढला, पेन पुसलं. तो नकाशा काढताना मला जेवढा राग आला तेवढा आधीच्या सगळ्या नकाशांनी मिळून आणला नव्हता, कारण या वेळी मला सगळं येत होतं आणि तरी मी माझंच चांगलं घर बिघडवून काढत होते.

दुपारी मामाजी मळ्यातून आले. यांना हाक मारली, हे शाळेत होते. मग ते माझ्यापासून थोडं दूर खाली बसले. ही रेघ कायची, असं त्यांनी विचारलं, मला, सरळ. मी सांगितलं की ती तुमच्या कांद्याच्या खोलीची भिंत. ते पुढं सरकले, बोर्डाच्या कडेला टेकले आणि बोट ठेवून म्हणाले, "अन् हे कुठी चाल्ली?"

शाई ओली होती. मी म्हटलं, "मामाजी, हात काढा तिथून आधी."