रुद्रप्पाचा दगड

सोलापुरातल्या आमच्या छोट्या संग्रहालयात नोंदी मी करायची आणि रुद्रप्पा शिपाई होता. खरा कारभार त्याचाच. वळसंगहून एसटीनं यायचा आणि कुलूप काढलं की आधी काचेच्या कपाटातल्या शिवलिंगाला भस्म लावायचा. वीतभर काळा दगड, वरून गोल. त्याला स्वतःलाच शेतात सापडलेला. अकरा वर्षांत एक दिवस चुकला नाही. मी रागवायची, "रुद्रप्पा, हे देऊळ नव्हे." तो म्हणायचा, "व्हय बाई," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भस्म.

१९७४ साली वरच्या कचेरीतून शब्दांची छापील यादी आली. यापुढे प्रत्येक वस्तूचं वेगळं कार्ड आणि त्यावर यादीतलंच नाव. मी तर खूश झाले. आमच्या वहीत एका फुटक्या पणतीचं नाव 'राजदीप' होतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पूजेच्या वस्तू दर्शनी कपाटात आणि घरगुती वस्तू मागच्या कोठीत कुलपात, हेही यादीसोबत ठरवून दिलेलं.

रुद्रप्पाच्या शिवलिंगाशी आले आणि हात थांबला. आडवं धरून पाहिलं तर एक बाजू सपाट, गुळगुळीत झिजलेली. तो वरवंटा होता. मला सांगवेना. दोन दिवस कार्ड कोरंच ठेवलं. शेवटी तोच म्हणाला, "बाई, देवाचं कार्ड ऱ्हायलं की."

मी सांगून टाकलं. त्याचा चेहरा उतरला.

"म्हंजी अकरा वर्सं मी चटणीच्या दगडाला हात जोडले? आन आता त्यो कोठीत जाणार?"

एवढं बोलून तो पायरीवर जाऊन बसला. मला फार वाईट वाटलं. यादीचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी तो बायकोला, शरणम्माला, घेऊन आला. "हिला बगू द्या. वाटणाऱ्या मानसाला कळंल."

तिनं दगड दोन्ही हातांत धरला, टेबलावर दोनदा पुढंमागं फिरवला आणि हसली. "वरवंटाच हाय. लई वाटलंय कुनीतरी."

रुद्रप्पानं मान खाली घातली. तशी ती उखडलीच.

"त्वांड काय पाडताय? पोरगं झालं की पाचवीला आमी बाया काय पुजतो? पाटा-वरवंटाच की! तुमच्या आईनं तुमाला असल्याच दगडापुढं निजवलं आसंल. आमी पुजला तर देव, आन तुमी पुजला तर चटणीचा दगड व्हय?"

रुद्रप्पा पोट धरून हसला. मी कार्ड ओढलं. नाव: वरवंटा. उपयोग: वाटण, पाचवीची पूजा. जागा: दर्शनी कपाट. वरच्या कचेरीनं विचारलं असतं तर भांडायची माझी तयारी होती. कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरवंट्याला भस्म होतंच. शिवाय कोठीतला जुना पाटा उचलून रुद्रप्पानं शेजारी मांडला होता, आणि त्याच्यावरही भस्माची तीन बोटं ओढली होती.

"रुद्रप्पा, हे देऊळ नव्हे."

"व्हय बाई."

मी मुकाट्यानं पाट्याचं कार्ड काढलं आणि जागा बदलून लिहिली.