सुई किती लांब आहे

पंचशीलाताई रोज सकाळी चहाच्या आधी दाराकडे पाठ करून बसायच्या आणि जुन्या स्पीकरमधून काढलेलं जाड लोहचुंबक उजव्या हातावरून हळूहळू फिरवायच्या. बँकेतल्या बदलीनं मी बदनापूरला आले, त्यांच्या शेजारची खोली घेतली, तेव्हा मला वाटलं, सांधेदुखीवरचा काही इलाज असेल.

"इलाज कशाचा, मॅडम. सुई शोधून राह्यले," त्या म्हणाल्या.

त्या ब्लाऊज शिवायच्या. एका लग्नसराईच्या घाईत मशीनच्या सुईचं टोक मोडून त्यांच्या अंगठ्याखाली रुतलं. दवाखान्यात कापून पाहिलं, सापडलं नाही. तेव्हापासून ते वर वर सरकतंय, अशी त्यांची खात्री होती. कुठं निघालंय, हे त्या बोलायच्या नाहीत.

एकदा त्यांनी टेबलावर टाचणी ठेवली. चुंबक वीतभर लांब धरलं, टाचणी गप्प. चार बोटांवर आणलं, तरी गप्प. आणखी जरा जवळ नेताच ती थरथरली आणि टपकन उडून चिकटली. मी दचकले.

"बघा. लांब असली की ओढ बिलकुल कळत न्हाई. जवळ आली की एकदमच धरती."

उन्हाळ्यातल्या एका सकाळी त्यांनी भिंतीवर थाप मारून मला बोलावलं. कोपराजवळ चुंबक धरलं होतं आणि त्याखालची कातडी टोकदार होऊन वर उचलली जात होती. पंचशीलाताई हसत होत्या, पण ओठ पांढरे पडले होते.

जालन्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून कोपर उघडलं. ट्रेमध्ये मोडकं टोक नव्हतंच. काळी पडलेली अख्खी सुई होती, हातशिलाईची, मागे नेढं असलेली.

"ही माझी न्हाई," त्या म्हणाल्या. मग ट्रेवर वाकून पुटपुटल्या, "आई वाकळा शिवायची. मी तिच्या मांडीवर निजायचे म्हणं."

"म्हणजे ते मोडकं टोक अजून आतच आहे. छातीचाही एक्स-रे काढू," डॉक्टर म्हणाले.

"नको साहेब. दिसली तर काय करसाल? काळजात हात घालसाल?"

त्यानंतर चुंबक हातावरून छातीवर आलं. एकदा त्यांनी ते मलाच धरायला लावलं. मला काहीच ओढ जाणवली नाही.

"काही नाही तिथं, ताई."

"न्हाई म्हणू नका, मॅडम. लांब हाय म्हणा."

हिवाळ्यात एका दुपारी त्या शिवता शिवता मशीनवरच कलंडल्या. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार असं लिहिलं. शेवटची आंघोळ घालताना माझा हात त्यांच्या छातीच्या डाव्या बाजूला क्षणभर थांबला. बोटांखाली काही टोचल्यासारखं झालं. मी दाबून पाहिलं नाही. पुढच्या बाईच्या हातात तांब्या दिला आणि बाजूला झाले.