कडी डाकलेली गिन्नी

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भाऊजींना, पन्नाशीनंतर गिन्न्या जमवायचा नाद लागला. गिन्नी म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वीचं इंग्रजी सोन्याचं नाणं. भंडाऱ्यात त्यांचं हातमागाच्या साड्यांचं वडिलोपार्जित दुकान. गिऱ्हाईक समोर ताटकळत असायचं आणि हे डोळ्याला भिंग लावून कुण्या राजाच्या टकलावरचे ओरखडे तपासत बसायचे. मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून मिळवलेलं ज्ञान अशा थाटात सांगायचे, जणू टाकसाळ यांच्याच परसात होती. साध्या गिन्नीला ते ‘माल’ म्हणत, दुर्मीळ असली तर ‘पीस’. माणसांचीही त्यांनी अशीच वाटणी केली होती. मी शाळामास्तर, म्हणजे माल.

मागच्या दिवाळीत दिघोरीची आमची आत्या बहिणीकडे आली. धानाची शेती सांभाळणारी, सत्तरी ओलांडलेली विधवा बाई. गळ्यात काळ्या दोऱ्यात एकच गिन्नी, तिच्या आईची. दोऱ्यात ओवता यावी म्हणून सोनाराने वर कडी डाकलेली. भाऊजींनी ती मागून घेतली. राजाची बाजू झाली, घोडेस्वाराची बाजू आली आणि घोड्याच्या पायाखाली त्यांचं भिंग थांबलं.

मी शेजारीच होतो. मुंबईच्या टाकसाळीत एकाच वर्षी गिन्न्या पाडल्या गेल्या, त्यांच्यावर तिथे एक बारीक अक्षर असतं, आणि तशी आपल्याकडे नाही, हे रडगाणं मी त्यांच्या तोंडून कितीदा ऐकलं होतं. त्यांना काय दिसलं ते मला न बघताच कळलं.

“जवाई, एवढं काय पाहून राहिले?” आत्याने विचारलं.

“काही नाही, आत्याबाई. साधीच हाय. त्यात कडी डाकून खराब केली. सोन्याच्या वजनापलीकडे किंमत नाही हिची.” मग सहज सुचल्यासारखं म्हणाले, “मले देऊन द्या. तेवढ्याच सोन्याची नवी चेन करून देतो तुमाले.”

“मायची आठवण हाय. राहू द्या.”

आत्याचा नवरा वारला तेव्हा रस्ता खराब म्हणून मातीला न गेलेले भाऊजी आता दर पंधरा दिवसांनी दिघोरीला जाऊ लागले. कधी सफरचंदं, कधी दुकानातली काठाला डाग पडलेली साडी. आत्याच्या गुडघ्यांची चौकशी करायचे आणि नजर गळ्यावर. मी एका वाक्यात तिला सांगू शकलो असतो. बहिणीच्या संसारात वाकडं नको, अशी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे या माणसासमोर माझी जीभ उचलत नसे.

उन्हाळ्यात एकदा त्यांनी मलाही सोबत नेलं. आत्याचा गळा मोकळा होता.

“गिन्नी कुठं हाय?” चहा यायच्या आधीच त्यांनी विचारलं.

“मोडली. सानगडीच्या सोनाराकडून दोन्ही नातींले डूल करून घेतले.”

“मोडली? काहून मोडली?”

“एक गिन्नी दोघीत कशी वाटू? तुमीच त म्हनलं, सोन्याइतकीच किंमत हाय म्हून. नाहीतर मी कायले मोडली असती?”

भाऊजी खाटेवर बसले. “म्हणजे वितळवली?” त्यांनी दोनदा विचारलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. आत्याने घाईने पाणी आणलं. “मायची आठवण गेली म्हून जवायाले वाईट वाटलं,” ती मला म्हणाली आणि तिनेही पदराने डोळे पुसले. भाऊजींनी तो गैरसमज निमूटपणे पाण्यासोबत पिऊन टाकला.

परतताना साकोली येईपर्यंत ते गाडी दामटत राहिले. मग म्हणाले, “अडाणी लोक. अशी वस्तू भट्टीत घालून राहिले.”

“तुम्ही खरं सांगितलं असतं तर घातली नसती,” मी म्हणालो. त्यांनी गाडीची काच वर केली.

त्यानंतर भाऊजी दिघोरीला गेलेले नाहीत. आत्या मात्र फोनवर विचारते, “जवाई येत नाही आता? लय जीव लावते तो मानूस.” दुकानात काम वाढलं, असं मी सांगतो.