सरसाचे भांडे आणि पत्र्याचा घाम

तुमच्या बागेतल्या शेडचे छत पाऊस नसतानाही आतून ठिबकते, हे वाचून मला पनवेलची आमची पत्र्याची शेड आठवली. तिचा शीण अजून अंगात आहे.

तुमच्या आजोबांनी मुंबईची नोकरी सोडून परसात, विहिरीपलीकडे, बाजाच्या पेट्या, म्हणजे हार्मोनियम, बनवायला ती शेड घातली होती. वर्षभरात जम बसला नाही तर त्यांनी परत मुंबईला जाऊन खोली घ्यायची आणि मी इथे सासूबाईंपाशी राहायचे, असे ठरले होते. पहिल्याच थंडीत पहाटे पत्र्याला आतून घाम फुटू लागला. थेंब पडून भात्याच्या चामड्यावर बुरशी धरली, पेटीतल्या पितळी सुरांच्या पट्ट्यांवर हिरवट डाग आले. मी उठल्याबरोबर शिडीवर चढून पत्रा पुसत असे. त्यांनी पत्र्याखाली भाताचा पेंढा ठासून भरला. तो भिजून कुजला, आणि उंदीर आले ते वेगळेच. मग ओल बाहेरून येते असे समजून त्यांनी खिडकी बंद केली. ठिबकणे वाढले.

पुसता पुसता माझ्या लक्षात आले, की सर्वांत जास्त थेंब शेडमधल्या कोळशाच्या शेगडीच्या बरोबर वर असतात. लाकूड चिकटवायचा सरस पातळ राहावा म्हणून त्याचे भांडे झोपेपर्यंत तिच्यावर उकळत्या पाण्यात ठेवलेले असे. ती सगळी वाफ गार पत्र्याला जाऊन लागत होती.

“सरस घरात चुलीवर ठेवू,” मी म्हटले.

“जनावराच्या कातड्याचा तो,” सासूबाई म्हणाल्या. “माझ्या चुलीवर? उद्या त्यातच आमटी कर.”

“आई, मग मी मुंबईला जातो,” आजोबा म्हणाले.

“जा की. खानावळीत चुलीवर काय काय चढतं ते बघायला मी येणार नाही.”

शेवटी अंघोळीचे पाणी तापवायच्या चुलीवर परवानगी मिळाली. अट एकच: सरसाला हात लावला, की अंघोळ केल्याशिवाय मी स्वयंपाकघरात यायचे नाही. पेंढा काढून नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापे, मधून वारा खेळावा म्हणून, पत्र्यापासून वीतभर खाली बांधली, खिडकी उघडी ठेवली. हळूहळू ठिबकणे थांबले. त्या हंगामातल्या पेट्या धड गेल्या आणि आजोबा घरीच राहिले.

मी मात्र सरस शेडमध्ये न्यायची, गोठला की परत चुलीवर आणायची, आणि स्वयंपाकाआधी पुन्हा डोक्यावरून पाणी घ्यायची. थंडीत केस वाळत नसत. दुपारी जरा पाठ टेकावी, तर शेडमधून नव्या पेटीचा सूर यायचा आणि त्यामागोमाग हाक, “अगं, सरस गार झाला.”