गफ्फार मिस्त्रींची हजार किलोमीटरची अट

अकोल्याच्या जुन्या शहरात अब्दुल गफ्फार यांचं गॅरेज आहे. गॅरेज कसलं, दोन गाड्या दाटीवाटीनं उभ्या राहतील एवढी पत्र्याची शेड. जुनी गाडी घ्यायची तर आधी गफ्फार मिस्त्रींना दाखवायची, अशी तिकडे अकोट-तेल्हाऱ्यापर्यंतच्या लोकांची रीत. मिस्त्री इंजिनचा आवाज ऐकायचे आणि ‘घ्या’ किंवा ‘नोका घेऊ’ एवढंच बोलायचे. त्या एका शब्दावर सौदे ठरायचे. त्याचा थोडा अभिमान त्यांनाही होता.

हिवरखेडचे केशवराव भाजीपाला पिकवायचे. त्यांच्या बायकोला, पार्बताबाईंना, हृदयाचा आजार होता. दर महिन्याला अकोल्याला दवाखान्यात न्यावं लागे आणि एसटीचे धक्के त्यांना सोसेनात. म्हणून केशवरावांनी एक जुनी कार हेरली. विकणारा ती भर दुपारी गॅरेजवर घेऊन आला. इंजिन तापलेलं होतं. मिस्त्रींनी ऑइल मोजायची पट्टी ओढून पाहिली. ऑइल वरच्या खुणेला टेकलेलं, मधाच्या रंगाचं.

“घ्या, केशवभाऊ. इंजिन चांगलं हाय.”

चार महिन्यांनी एका सकाळी पार्बताबाईंचा श्वास कोंडला. मुलगी गीतांजली गाडी चालवत होती, केशवराव मागे बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. अकोट मागे पडलं आणि चोहोट्टा गावाच्या अलीकडे इंजिन खडखडलं, मग जागीच जाम झालं. दुसरं वाहन मिळेपर्यंत पाऊण तास गेला. दवाखान्यात पोचेपर्यंत पार्बताबाई राहिल्या नव्हत्या. लवकर आणलं असतं तरी वाचल्या असत्या की नाही, सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

दोन दिवसांनी ती गाडी दोरानं ओढत गॅरेजवर आली. मिस्त्रींनी पट्टी काढली. कोरडी. खाली वाकून पाहिलं, गळतीचा डाग कुठेच नव्हता. त्यांनी इंजिन उघडलं. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, आत काजळीचे थर. ही गाडी कितीतरी दिवसांपासून ऑइल जाळत होती आणि विकणाऱ्यानं दाखवायला आणण्याआधी ते काठोकाठ भरलं होतं. सकाळी थंड इंजिन सुरू करून पाहिलं असतं, तर सायलेन्सरमधून निळा धूर निघालेला दिसला असता.

संध्याकाळी मिस्त्रींचं ताट तसंच राहिलं. बायकोनं, आयशाबींनी, कारण विचारलं.

“ऑइल किती हाय तेवढं पायलं मी,” ते म्हणाले. “गाडी किती खाते, ते पायलंच नाही.”

आयशाबींनी ताट उचलून झाकून ठेवलं. मग म्हणाल्या, “त्याईले जाऊन सांगा.”

सांगितलं नसतं तर कोणाला कळलं नसतं. जुन्या गाडीचा काय भरवसा, असंच सगळे म्हणत होते. तेरवी झाल्यावर मिस्त्री एसटीनं हिवरखेडला गेले.

“केशवभाऊ, चूक माही हाय,” ओसरीवर बसताच ते म्हणाले आणि सगळं सांगून मोकळे झाले. दारात गीतांजली उभी होती.

“चाचा,” ती म्हणाली, “तो ऑइलचा लाल दिवा दोन दिवसांपासून लागून राहिला होता. मले वाटलं, जुनी गाडी हाय, लागत असन. मी चालवतच राहिली. मायले मीच मारलं.”

इतके दिवस ही पोर आतल्या आत काय गिळत होती, ते केशवरावांनाही तेव्हाच कळलं.

“नाही बेटा,” मिस्त्री म्हणाले. “त्या दिव्याचं तुले सांगाचं काम माहं होतं. मी सांगतलं नाही.”

केशवरावांनी लेकीला जवळ घेतलं. माफ केलं, असं ते म्हणाले नाहीत. मिस्त्री निघाले तेव्हा स्टँडपर्यंत सोबत आले, एवढंच. बस दिसल्यावर म्हणाले, “तुम्ही आले, पोरीसाठी बरं झालं.”

महिनाभर खपून मिस्त्रींनी ते इंजिन नव्यानं बांधलं. मग गीतांजलीला बोलावून शिकवलं. सपाट जागा पाहायची, सकाळी इंजिन थंड असताना पट्टी पुसून पुन्हा बुडवायची. वरच्या खुणेपर्यंत भरून किलोमीटर लिहून ठेवायचे आणि हजार झाले की किती ओतावं लागलं ते मोजायचं. “थोडं तं प्रत्येक गाडी पिते. पण पट्टी लवकर लवकर उतरली, तं फोन कर. अन् लाल दिवा लागला, तं समोरच्या झाडापर्यंतही न्यायची नाही. तिथंच बंद.”

तेव्हापासून मिस्त्री लगेच ‘घ्या’ म्हणत नाहीत. गाडी सकाळी थंड आणा म्हणतात. घेणाऱ्याला पट्टी हातात देऊन शिकवतात, विसार देऊन गाडी आधी चालवून पाहायला सांगतात आणि हजार किलोमीटरनंतर परत बोलावतात. त्याआधी चांगली की वाईट, काही बोलत नाहीत. घाईची माणसं दुसरीकडे जाऊ लागली. मिस्त्री थकले आता, असं रस्त्यावर बोललं जातं. ते ऐकून घेतात, कारण सांगत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात केशवराव शेजारच्या गोवर्धनला घेऊन आले. त्याला जुनी गाडी घ्यायची होती. हजार किलोमीटरची अट ऐकून तो कुरकुरला, “इतकं कोण करते?”

“हे सांगतात तसंच कर,” केशवराव म्हणाले.

मिस्त्री तेव्हा गाडीखाली होते; केशवरावांचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं. बाहेर यायला त्यांनी बराच वेळ लावला.