मे महिन्यातला मफलर

वेडा म्हणवून घेण्यात इतका आनंद मानणारा माणूस मी आजवर दुसरा पाहिलेला नाही. आपल्याला शहाणं म्हणावं म्हणून लोक जन्मभर खटपट करतात. आमच्या बोरीच्या सरकारी दवाखान्यातले, मलमपट्टी करणारे ड्रेसर तेवढीच खटपट उलट्या दिशेनं करायचे. मे महिन्यात, पत्र्याला हात लावला तर फोड येईल अशा उन्हात, त्यांच्या गळ्यात चॉकलेटी रंगाचा लोकरी मफलर असे. एसटी येऊन थांबली की आधी ते तिच्यासमोर टाच जुळवून सलाम ठोकत, मग तापलेल्या बॉनेटजवळ तोंड नेऊन चौकशी करत, "काय बाई, झोप लागली का?" हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारत. वस्तीत जय भीम घालून झाला की लगेच, सरपंचाला नमस्काराऐवजी, पोस्टमनला पत्र घेता घेता. एकदा बाजारात विकायला आणलेल्या बैलालाही त्यांनी तेच विचारलं. मालक वैतागला, "अवो ड्रेसर, त्याचे दात मोजा की. झोपंचं काय इचारायलाव?" ड्रेसर गंभीरपणे म्हणाले, "दात तुमाला बी दिसतेत. झोप कुणालाच दिसत न्हाई, म्हणून इचारायलोय."

गाव हसायचं. मी शाळेत मास्तर होतो, तेव्हा जरा जपून हसायचो, पण हसायचो. ते उत्तर किती लक्ष देऊन ऐकतात, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं. कुणाच्या हाताला विळा लागलेला असे, कुणाच्या मांडीत बैलाचं शिंग घुसलेलं असे. जखम धुता धुता ड्रेसर विचारत, आणि "न्हाई बा, दोन महिने झाले, डोळाच लागंना" असं उत्तर आलं की त्यांचा हात एकदम मंद होई. दोन मिनिटांच्या पट्टीला अर्धा तास लागे. आतून डॉक्टर ओरडत, "ड्रेसर, बोट बांधताय का गोधडी शिवताय?"

माझी पट्टी तर पाऊण तास चालली होती. उजव्या मनगटाला चावा होता. "कुत्रं चावलं," मी म्हणालो. ड्रेसरनी मनगट उजेडाकडे वळवलं, दातांची कमान पाहिली आणि म्हणाले, "कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतेत, गुरुजी. लिहू का?" मी नको म्हणालो. त्यांनी कापूस घेतला, टिंक्चर लावलं. मग हळूच विचारलं, "कुत्र्याला झोप लागती का?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि जे सख्ख्या मामांनाही सांगितलं नव्हतं ते मी त्या टिंक्चरच्या वासात सांगून टाकलं. माझा धाकटा भाऊ दत्ता सेलूला नोकरी शोधायला गेला, असं आम्ही गावात सांगितलं होतं. तो सेलूला नव्हता. आमच्याच घरात मागच्या खोलीत होता. त्याला विहिरीतून कुणीतरी नावानं हाक मारतंय असं ऐकू येई, आणि तो उठून विहिरीकडे निघे. म्हणून रोज सकाळी शाळेत जाताना मी बाहेरून कडी लावत असे. दिवसभर मुलांना शुद्धलेखन शिकवायचं आणि घरी येऊन कडी काढायची, असे माझे पाच महिने गेले होते. त्या सकाळी मी कडी लावताना तो आडवा आला, आणि चावला. बहिणीचं लग्न ठरायचं होतं. घरात वेड आहे म्हटल्यावर कोण मुलगी करणार?

"औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात याचा डॉक्टर हाय," ड्रेसर म्हणाले. "गोळ्या देतो. लय फरक पडतो."

"पण एसटी स्टँडवर लोक विचारतील, कुठं चाललात. काय सांगू?"

"सांगा, ड्रेसरला दाखवायला नेयलोत." त्यांनी मफलर नीट केला. "आमचं डोकं फिरलंय, एकट्याला सोडता येत न्हाई, सोबत लागती. गावात कुणालाबी इचारा, पटंल."

आमच्याकडे आजारी माणसाला एकटं पाठवत नाहीत. शेजारचे दोघं-चौघं सोबत निघतातच. या एवढ्या रीतीवर ड्रेसरनी आपला सगळा कारभार उभा केला होता. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ते वेडे होऊन औरंगाबादला निघत, आणि गावातली चार-सहा माणसं त्यांना 'सांभाळायला' बरोबर जात. त्यांत बाळंतपणानंतर बोलणंच सोडलेली एक सून असे, रात्रंदिवस हात धुणारे एक सोनार असत, आणि त्या मंगळवारपासून माझा दत्ता. गाडीत सगळ्यांच्या नजरा ड्रेसरकडेच राहाव्यात म्हणून ते प्रवासभर काही ना काही करत. खिडकीतून विजेच्या खांबांना हात करत. कंडक्टरनं "आलं का येड्याचं वऱ्हाड?" म्हटलं की उठून उभे राहत, "आलं की! नवरदेव मीच!" त्या हशात कोपऱ्यातल्या सुनेकडे कुणी पाहत नसे. दवाखान्यात पोचलं की मात्र मफलर घडी करून पिशवीत जाई, आणि ड्रेसर एकेकाचा केसपेपर काढून रांगेत उभे राहत. एकदा एका नव्या डॉक्टरनं त्यांनाच तपासलं आणि अर्ध्या तासानं "तुम्हाला काही झालेलं नाही" म्हणून बाहेर पाठवलं. ड्रेसर इतके हिरमुसले की जालन्यापर्यंत बोलले नाहीत. "गावात सांगू नका," एवढंच म्हणाले.

चार महिन्यांत दत्ता अंगणात बसू लागला. ड्रेसर रोज कसल्या तरी निमित्तानं यायचे, तो गोळी घेतो का ते पाहायचे. त्यांचा चहाचा कप आमच्या घरी वेगळा होता, बाहेरच्या कोनाड्यात पालथा घातलेला. हेही आज लिहितो. एके दिवशी दत्तानं तोच कप उचलला आणि त्यातून चहा प्यायला. ड्रेसर म्हणाले, "बघा गुरुजी, माणूस बरा व्हायलाय."

आणि मग मी ते केलं, ज्यासाठी हे लिहायला बसलो आहे. कुणीतरी वर अर्ज केला की बोरीचा ड्रेसर वेडा आहे, असल्या माणसाच्या हाती जखमी लोक देऊ नयेत. चौकशीला साहेब आले. मी मास्तर, गावातला भरवशाचा माणूस, शिवाय ड्रेसरला औरंगाबादला नेणारा. साहेबांनी मला शाळेतून बोलावून घेतलं. ड्रेसर दाराशी उभे होते, मफलर घालून.

"गुरुजी, यांच्या डोक्यात खरंच बिघाड आहे?"

एक वाक्य पुरलं असतं. साहेब, हे वेडे नाहीत, आजारी माझा भाऊ आहे. बहिणीला बघायला पाहुणे यायला आठ दिवस राहिले होते. मी म्हणालो, "हो साहेब. आम्हीच नेतो त्यांना."

महिन्याच्या आत त्यांची बदली झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सोनपेठला. जाताना एसटीच्या पायरीवरून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "बरं बोललाव, गुरुजी. खरं सांगितलं असतं तर सहा घरं उघडी पडली असती." मला ते ऐकवेना. सहा घरांचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता.

ड्रेसर गेले आणि मंगळवार बंद पडले. न्यायला वेडाच उरला नाही, तर सोबत कुणाला करायची? सून माहेरी गेली ती परत आली नाही. सोनारांचे हात पुन्हा सालटं निघेपर्यंत धुतले जाऊ लागले. बहिणीचं लग्न तेवढं झालं. दत्ताच्या गोळ्या संपल्या, आणि एका सकाळी तो स्वतःच मागच्या खोलीत जाऊन बसला. म्हणाला, "दादा, हाक यायली. कडी लाव. आन् ड्रेसरला बोलव."

मी कडी लावली नाही. आईला त्याच्याजवळ बसवलं आणि सोनपेठ गाठलं. स्टँडवर उतरलो तर परभणीच्या गाडीसमोर सलाम चालला होता. तोच मफलर. भोवती पाच-सहा माणसं. त्यांतला एक शेतकरी, घुंगट घेतलेल्या बायकोचा हात घट्ट धरून उभा होता. मी पाहतोय असं दिसताच घाईघाईनं म्हणाला, "आमचे ड्रेसर हायेत. जरा येडे हायेत, दवाखान्यात न्यावं लागतंय. आमी आपले सोबत."

रस्ताभर मी एकच वाक्य घोकत आलो होतो. हे वेडे नाहीत, चार लोकांत मोठ्यानं म्हणायचं. आता चार लोक होते. मी त्या बाईच्या हाताकडे पाहिलं. नवऱ्यानं तो अजून सोडला नव्हता.

"हो, वेडेच आहेत," मी म्हणालो. "बोरीला आम्हीच नेत होतो त्यांना."

शेतकऱ्याचा चेहरा सैल झाला. ड्रेसरनी माझ्याकडे पाहिलं. मी माफी मागू लागलो तर म्हणाले, "ते राहू द्या. बोरीला सध्या येडा कोण हाय?"

"कुणीच नाही."

"मग कसं चालायचं, गुरुजी?" त्यांनी गळ्यातला मफलर काढून माझ्या हातात ठेवला. "उन्हाळ्यात घालायचा. हिवाळ्यात समद्यांनीच घातलेला असतो."

पहिल्या महिन्याच्या मंगळवारी तो माझ्या पिशवीतच राहिला, हेही कबूल करतो. पुढच्या महिन्याच्या मंगळवारी मी स्टँडवर गळ्यात घातला, आणि कंडक्टर पाहतच राहिला. "गुरुजी, तुमी बी?" इतक्या वर्षांची मास्तरकी आडवी आली, आणि माझा हात मफलर काढायला वर गेला. तेवढ्यात मागून दत्ता पुढे आला, माझा हात धरला आणि म्हणाला, "दादाची तब्येत बरी नसती. मी नेयलोय त्याला."

ड्रेसर आता नाहीत. मफलर आहे, कसर लागून अर्धा उरलेला. दत्ताला संसार आहे, रोज एक गोळी आहे, आणि आता कुणी विचारलं तर तो लपवत नाही. हे लिहू का विचारलं तर म्हणाला, "लिही. त्यांचं नावच न्हाई कुठं." तरी नाव मी लिहिलेलं नाही. ते त्यांना आवडलं नसतं. सकाळी चहाच्या वेळी दत्ता मला विचारतो, "दादा, झोप लागली का?" मी लागली म्हणतो. तो चहा ओतता ओतता थांबतो, आणि खरं उत्तर येईपर्यंत थांबूनच राहतो.